छापताना फोटो फाटतो : कॅमेऱ्यातील रिझोल्यूशनची निवड कोठे चुकते आणि ती कशी तपासावी

लग्नसराई संपत आली की नागपुरातील फोटो लॅबमध्ये आणि अल्बम डिझाइन करणाऱ्यांकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे एका फोटोत सुमारे २ कोटी ४० लाख पिक्सेल (रंगाचे बारीक बिंदू) टिपणारा होता, कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो लख्ख दिसत होता, घरच्या टीव्हीवरही सर्वांनी तो कौतुकाने पाहिला. पण १२ बाय १८ इंचाचा प्रिंट हातात आला तेव्हा नवरीच्या नथीतले मोती एकमेकांत मिसळलेले, शालूच्या काठाची वेलबुट्टी पुसट आणि चेहऱ्याच्या कडेला बारीक पायऱ्या पडलेल्या. ग्राहकाला वाटते की लॅबने छपाई बिघडवली, आणि लॅबवाला सांगतो की फाइलच फाटते आहे, म्हणजे मोठी केल्यावर तिच्यातला तपशील पुरत नाही. अल्बमच्या कामात अशा फाइली माझ्या हातून सतत जातात, आणि बहुतेक वेळा लॅबवाल्याचे म्हणणेच खरे निघते. छपाईचे पैसे जाण्याआधी, खरे तर कार्यक्रम सुरू होण्याआधीच, हा दोष ओळखता येतो, म्हणून त्याची तपासणी येथे सविस्तर देत आहे.

आधी मूळ फाइलचे माप पाहावे

पडद्यावर फोटो चांगला दिसतो, या पुराव्याला येथे किंमत नाही. फुल एचडी टीव्हीचा पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेलचा असतो. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा त्याहूनही लहान. माहितीपत्रकात त्याचे '१० लाख ४० हजार डॉट' असे भारदस्त वर्णन असले, तरी लाल, हिरवा व निळा असे तीन डॉट मिळून एक पिक्सेल होत असल्यामुळे प्रत्यक्षात तो सुमारे ७२० बाय ४८० पिक्सेलचा भरतो. अशा पडद्यावर ३ मेगापिक्सेलचा आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो शेजारी शेजारी ठेवले, तरी फरक कळणार नाही. फरक कळतो तो आकड्यांत.

संगणकावर फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि त्यातील 'डिटेल्स' उघडावे. तेथे रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये लिहिलेली असते, आणि थोडे खाली कॅमेऱ्याची कंपनी व मॉडेल यांची नोंद असते. या दोन नोंदी एकत्र वाचल्या की बहुतेक प्रकरणांचा उलगडा तेथेच होतो.

माप ६००० बाय ४००० च्या आसपास असेल, तर कॅमेऱ्याने पूर्ण २४ मेगापिक्सेल दिलेले आहेत आणि दोष रिझोल्यूशनचा, म्हणजे पिक्सेलच्या संख्येचा, नाही. अशा फोटोंचा विचार पुढे केला आहे. माप ३००० बाय २००० च्या आसपास असेल आणि कॅमेऱ्याचे मॉडेल नोंदलेले असेल, तर फाइल मूळच आहे, परंतु कॅमेरा 'स्मॉल' या मापावर ठेवलेला होता. मोठी बाजू २००० पिक्सेलच्या आतबाहेर असेल आणि कॅमेऱ्याची नोंदच गायब असेल, तर तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. अँड्रॉइड फोनवर उतरवलेल्या अशा फाइलच्या नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' ही अक्षरेही असतात. माप नेमके १९२० बाय १०८० असेल, तर ते बहुधा व्हिडिओतून काढलेले चित्र असते. कॅमेऱ्यातून वाय-फायने मोबाइलवर घेतलेल्या फोटोंचीही वेगळी चौकशी करावी, कारण काही कॅमेऱ्यांची मोबाइल अ‍ॅप मूळ फाइल न पाठवता सुमारे २ मेगापिक्सेलची लहान प्रत आपोआप पाठवतात, आणि मूळ फाइल कार्डावरच राहते.

फोटो वाटेत लहान झाला असेल, तर उपाय सोपा आहे. मूळ फाइल कार्डावरून किंवा फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवरून पेन ड्राइव्हमध्ये घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायची असेल, तर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. तशी ती जशीच्या तशी पोहोचते. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला 'एचडी' पर्याय नेहमीच्या पाठवणीपेक्षा बरा आहे, पण त्यातही फाइल दाबली जाते, म्हणजे तपशील गाळून लहान केली जाते. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल, तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो १६ वर आणले जातात, हेही लक्षात ठेवावे.

साइझ आणि क्वालिटी या दोन वेगळ्या गोष्टी

मूळ फाइलच लहान निघाली, तर प्रश्न कॅमेऱ्याच्या मेनूतील आहे, आणि तेथे गोंधळाचे मुख्य कारण एकच असते. मेनूत 'इमेज साइझ' आणि 'इमेज क्वालिटी' हे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात, काही कॅमेऱ्यांत तर एकाच ओळीत असतात, आणि दोन्हींमुळे फाइल लहान होते. त्यामुळे कोणता पर्याय बदलला तरी परिणाम सारखाच, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

साइझ म्हणजे फोटोत पिक्सेल किती. लार्जवर ६००० बाय ४००० असतील, तर स्मॉलवर सुमारे ३००० बाय २००० राहतात. म्हणजे रुंदी निम्मी आणि उंचीही निम्मी होऊन एकूण पिक्सेल एक चतुर्थांश उरतात. गेलेले पिक्सेल पुन्हा मिळत नाहीत. क्वालिटी म्हणजे तेवढेच पिक्सेल जेपेग (फोटो दाबून साठवण्याचा नेहमीचा प्रकार) फाइलमध्ये किती दाबून भरायचे. निकॉनच्या कॅमेऱ्यांत 'फाइन', 'नॉर्मल' आणि 'बेसिक' या पायऱ्यांवर हे दाबण्याचे प्रमाण साधारण १:४, १:८ आणि १:१६ असे वाढत जाते. कॅननच्या कॅमेऱ्यांत एल, एम, एस (लार्ज, मीडियम, स्मॉल) या अक्षरांशेजारी पाव वर्तुळाची छोटी खूण दिसते. तिची कड गुळगुळीत असेल तर फाइन, आणि कडेला पायऱ्या असतील तर नॉर्मल.

कार्ड भरत आले आणि जागा वाचवणे भागच पडले, तर आधी क्वालिटी फाइनवरून नॉर्मलवर आणावी, साइझला हात लावू नये. फाइल जवळपास निम्मी होते, पिक्सेल सगळे राहतात, आणि प्रिंटमध्ये फाइन व नॉर्मल यांतील फरक शोधायला भिंग लागेल. त्याउलट 'स्मॉल फाइन' ही जोडी मला सर्वांत अनर्थकारक वाटते. नावात 'फाइन' असल्यामुळे फोटोग्राफर निश्चिंत राहतो आणि तीन चतुर्थांश पिक्सेल गमावून बसतो. 'बेसिक' मात्र टाळावे, कारण त्यात आकाशासारख्या सपाट रंगांत आणि केसांच्या कडेला ठोकळे उमटू लागतात.

कॅमेरा स्मॉलवर जातो तो बहुधा हातघाईच्या वेळी. हळदीच्या दिवशी कार्ड भरते, दुसरे कार्ड गाडीत राहिलेले असते, कोणीतरी मेनूत जाऊन स्मॉल करतो आणि उरलेल्या फोटोंचा आकडा एकदम चौपट झालेला पाहून हायसे वाटते. कॅमेरा बंद केला तरी ही निवड तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशीचे मंगलाष्टकांचे, सप्तपदीचे, पाठवणीचे सगळे फोटो स्मॉलवर निघतात. म्हणून कार्यक्रमापूर्वी बॅटरी पाहतो, तसाच उरलेल्या फोटोंचा आकडाही पाहावा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लार्ज फाइनची एक फाइल साधारण १० ते १२ एमबीची होते. म्हणजे रिकाम्या ६४ जीबी कार्डावर सुमारे ५,००० फोटो बसावेत. आकडा त्याच्या कितीतरी पट दिसत असेल, तर मेनू उघडून साइझ तपासावी. शिवाय आज ६४ जीबी कार्डावर पूर्ण लग्न लार्जमध्ये सहज मावते, त्यामुळे जागेसाठी साइझ कमी करण्याचे कारणच उरलेले नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की कॅमेरा कायम लार्जवर ठेवावा, आणि लहान प्रती लागतील तेव्हा लागतील तेवढ्या नंतर संगणकावर काढाव्यात. फोटो काढताना त्याचे पुढे काय होणार, हे आपल्याला ठाऊक नसते. मोबाइलवर पाठवण्यापुरता म्हणून काढलेला आजोबांचा फोटोच पुढे भिंतीवर लावण्यासाठी मोठा करून मागितला जातो.

फोटो कापायचा असेल, तर गणित आणखी कडक होते

नागपूरच्या छायाचित्रकारांना हा मुद्दा विशेष लागू आहे, कारण ताडोबा आणि पेंच ही दोन्ही जंगले आपल्या हाताशी आहेत. सफारीत गाडी ठरलेल्या रस्त्यावरून खाली उतरत नाही, वाघ आपल्या सोयीने जवळ येत नाही, आणि बहुतेकांकडे ३०० मिलिमीटरपर्यंतचीच लेन्स असते. परिणामी चौकटीच्या साधारण एक तृतीयांश रुंदीत आणि एक तृतीयांश उंचीत वाघ येतो, आणि घरी आल्यावर भोवतालचे गवत कापून तेवढा भाग वेगळा काढला जातो. लार्जवर काढलेल्या फोटोतून हा तुकडा २००० बाय १३३३ पिक्सेलचा मिळतो, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने साडेसहा बाय साडेचार इंचांचा प्रिंट. ४ बाय ६ नीट निघतो आणि थोडी तडजोड केल्यास ८ बाय १२ सुद्धा भिंतीवर चालतो. तोच फोटो स्मॉलवर काढलेला असेल, तर हाती १००० बाय ६६७ पिक्सेल येतात, आणि त्यांतून सव्वातीन इंचांपलीकडे काही निघत नाही. वाघाच्या डोळ्यातला प्रकाशबिंदू आणि मिशांचे केस हे सर्वांत आधी नाहीसे होतात.

मारबतीच्या, म्हणजे नागपुरात निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीतही हेच घडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी आणि महालच्या रस्त्यांवर इतकी गर्दी असते की पिवळ्या आणि काळ्या मारबतीजवळ पोहोचणे कठीण होते, आणि बहुतेक फोटो कोणाच्या तरी गॅलरीतून काढले जातात. बडग्यांवर (मारबतीसोबत निघणाऱ्या इतर पुतळ्यांवर) लावलेल्या फलकांवरचा मजकूर हा त्या वर्षाच्या फोटोंचा खरा ऐवज असतो; तो पुढे वाचता यावा अशी इच्छा असेल, तर लार्जला पर्याय नाही. एकेक अक्षर ओळखू येण्यासाठी त्याच्या उंचीत निदान दहा-बारा पिक्सेल तरी यावे लागतात, आणि गॅलरीतून टिपलेल्या फलकावर लार्जमध्येही ते कसेबसे येतात. असे फोटो निम्म्या मापावर काढले, की फलकावर नुसत्या काळ्या रेघा उरतात.

एकामागोमाग एक फोटो काढताना कॅमेरा मध्येच अडखळतो, म्हणूनही काही जण साइझ कमी करतात. तेथेही क्वालिटी एक पायरी खाली आणणे किंवा वेगवान कार्ड घेणे हाच मार्ग चांगला.

किती मोठ्या छपाईला किती पिक्सेल

हातात धरून पाहायच्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा नियम सर्वत्र वापरला जातो, आणि त्याला आधार आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखतो. एक फुटावरून पाहताना ते इंचाला सुमारे २८६ बिंदू इतके होते. त्यानुसार ४ बाय ६ साठी १२०० बाय १८००, ८ बाय १२ साठी २४०० बाय ३६००, आणि १२ बाय १८ साठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल हवेत. म्हणजे २४ मेगापिक्सेलचा पूर्ण फोटो १२ बाय १८ ला बरोबर पुरतो आणि स्मॉलचा फोटो ८ बाय १२ लाही थोडा कमीच पडतो.

करिझ्मा अल्बमची (ज्यात फोटो थेट पानांवरच छापतात) १२ बाय ३६ इंचांची उघडी जोडपाने अधिक अवघड असतात. एकच फोटो दोन्ही पानांवर आडवा पसरला, तर लार्जच्या ६००० पिक्सेलमधून इंचाला सुमारे १६७ मिळतात, जे मांडीवर ठेवून पाहायच्या अल्बमला चालून जाते. स्मॉलमधून मिळतात फक्त ८३. त्याशिवाय हे पान तीनास एक प्रमाणाचे असल्यामुळे फोटोची निम्मी उंची कापली जाते, आणि फोटो काढताना वरखाली जागा सोडली नसेल, तर माणसांचे फेटे किंवा पाय जातात. डिझायनरकडे पूर्ण पसरायच्या फोटोंची निवड देताना हे आधी सांगावे.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : हाच फोटो व्हरायटी चौकातल्या मोठ्या फ्लेक्सवर स्वच्छ दिसला, मग अल्बममध्ये का फाटला? कारण फ्लेक्स वीस फुटांवरून पाहिला जातो, आणि त्या अंतरावरून डोळ्याला इंचाला सुमारे १४ बिंदूच वेगळे दिसतात. वीस फूट रुंद फ्लेक्स म्हणजे २४० इंच; त्याला १४ च्या हिशेबाने ३३६० पिक्सेल पुरतात. म्हणजे स्मॉलवर काढलेला फोटोही दुरून पाहायच्या फ्लेक्सला जवळपास पुरेल, आणि तोच फोटो हातातल्या अल्बमला अपुरा ठरेल. छपाई किती मोठी यापेक्षा ती किती जवळून पाहिली जाणार, हा प्रश्न आधी विचारावा.

फाइलच्या माहितीत दिसणाऱ्या ७२ किंवा ३०० डीपीआय (इंचाला किती बिंदू) या आकड्याने घाबरून जाऊ नये. तो कॅमेऱ्याने फाइलवर लिहून ठेवलेला एक शेरा आहे. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फाइलवर ७२ लिहिले असले, तरी तिच्यातून १२ बाय १८ चा उत्तम प्रिंट निघतो. आणि ६४० बाय ४८० च्या फाइलवर सॉफ्टवेअरमधून ३०० लिहिले, तर एकही पिक्सेल वाढत नाही.

पिक्सेल गुपचूप कमी करणारे इतर पर्याय

साइझ लार्ज असूनही माप किंवा तपशील कमी येत असेल, तर डिजिटल झूम चालू आहे का ते पाहावे. त्यात मधला भाग कापून मोठा केला जातो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात 'डीएक्स' किंवा तत्सम क्रॉप, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा पर्याय, चालू राहिला, तर २४ मेगापिक्सेलचे सुमारे १० होतात. काही कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतील 'लो लाइट' मोड अंधारात माप आपोआप घटवतो. आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचे प्रमाण) १६:९ वर ठेवला, तर वरचा आणि खालचा पट्टा कायमचा जातो.

मोबाइल आणि कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचे फोटो बहुधा ४:३ प्रमाणाचे असतात, आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ प्रमाणाचा. अशा फोटोचा कागदभर प्रिंट काढताना उंचीतला नववा भाग कापावाच लागतो. शाळेच्या गटफोटोत मागच्या रांगेतल्या मुलांचे केस कापले जातात ते याच कारणाने. रिझोल्यूशन कितीही वाढवले तरी ते थांबणार नाही. काढतानाच भोवती मोकळी जागा सोडावी.

पिक्सेल पूर्ण आहेत, तरीही फोटो अस्पष्ट

अशा वेळी फोटो संगणकावर १०० टक्के झूमवर पाहावा. कडांना एकाच दिशेने दुहेरी रेघ दिसत असेल, तर हात हलला आहे आणि शटरचा वेग वाढवायला हवा. चेहरा अस्पष्ट पण मागच्या मांडवाची झालर तीक्ष्ण असेल, तर फोकस चुकला आहे. सगळीकडे रंगीत दाणे असतील, तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) फार वर गेला आहे. ठोकळे आणि पायऱ्या दिसत असतील, तरच दोष पिक्सेलच्या संख्येचा किंवा अति दाबलेल्या जेपेगचा. या चारही दोषांना लोक एकच नाव देतात आणि मग जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन येतात. पहिले तीन दोष नव्या कॅमेऱ्यातही तसेच राहतात, आणि हललेला हात तर अधिक मेगापिक्सेलमध्ये जास्तच उठून दिसतो.

लहान फाइल मागितली जाते तेव्हा

ऑनलाइन अर्जांत नेमकी उलट अडचण येते. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी असा मागितला जातो, म्हणून काही विद्यार्थी कॅमेराच सर्वांत लहान मापावर ठेवून फोटो काढून घेतात. तसे करू नये. फोटो लार्जवर काढावा, चेहरा व खांदे योग्य प्रमाणात कापावेत, मग पिक्सेलचे माप ठरवावे आणि शेवटी जेपेगची क्वालिटी कमी करत केबीच्या मर्यादेत आणावे. त्याच मूळ फोटोतून साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा छापील फोटोही निघतो. त्याला ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात, जे २०० बाय २३० च्या प्रतीतून कधीच मिळणार नाहीत.

आधीच लहान मापात काढलेले फोटो

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. फोटो मोठे करणारी नवी सॉफ्टवेअर कडा तीक्ष्ण करतात, पण नसलेला तपशील ती अंदाजाने भरतात, आणि माणसाच्या चेहऱ्यावर हा अंदाज चुकला की डोळे आणि दात ओळखीचे वाटत नाहीत. घरच्या माणसांच्या फोटोंवर ती जपून वापरावीत, आणि मोठी केलेली प्रत मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नये.

त्याऐवजी छपाईचे माप फाइलला जुळवावे. ३००० बाय २००० चा फोटो इंचाला २०० पिक्सेल या सैल हिशेबाने १० बाय १५ इंचांपर्यंत नेता येतो. तेव्हा अल्बममध्ये तो पूर्ण पसरू नये, एका पानावर दोन-तीन फोटो लावावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो ४ बाय ६ किंवा ५ बाय ७ च्या पुढे नेऊ नये. ऑर्डर देताना लॅबला 'फाइल लहान आहे, त्या मापात बसवा' असे लेखी कळवावे, म्हणजे ते आपोआप ताणून छापत नाहीत. मूळ फाइल कार्डावर असण्याची शक्यता असेल, तर त्या कार्डावर नवा फोटो काढू नये. फॉरमॅट केलेल्या कार्डावरूनही फाइली पुष्कळदा परत मिळवता येतात, मात्र त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले की ती संधी जाते. म्हणून अल्बम छापून घरी येईपर्यंत कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवावे.